घराच्या नकाशाची खतावणी : संगणकावरील तक्ते व मॅक्रो यांचा व्यवहारी परिचय

व्यापारी मनुष्यास हिशेबाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. रोजमेळात झालेली नोंद खतावणीत ज्या त्या खात्यावर गेली पाहिजे, दोहोंचा मेळ बसला पाहिजे, आणि मेळ बसत नसेल तर फरक सापडल्याखेरीज वही मिटावयाची नाही, हा संस्कार आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. परंतु हाच मनुष्य जेव्हा स्वतःचे घर किंवा दुकान बांधावयास काढतो, तेव्हा त्याची ही शिस्त कोठे जाते कोण जाणे! दुकानातील दोन रुपयांच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत जागणारा गृहस्थ दारांची संख्या, सागवानाचे घनफूट आणि गिलाव्याचे चौरस मीटर ही सर्व दुसऱ्याच्या शब्दावर मान्य करतो आणि बिलावर सही करून मोकळा होतो. याचे कारण आळस नव्हे. नकाशाची भाषा त्यास परकी वाटते, एवढेच त्याचे कारण होय.

आता बहुतेक नकाशे संगणकावर तयार होतात. घरांचे नकाशे काढण्यासाठी जी साधने आज प्रचारात आहेत, त्यांत नकाशाबरोबरच हिशेबाचीही सोय असते. ही सोय दोन अंगांची आहे : एक तक्ता, ज्यास इंग्रजीत शेड्यूल म्हणतात, आणि दुसरा मॅक्रो. प्रस्तुत लेखात या दोहोंचा परिचय सभासद बंधू-भगिनींस करून द्यावा असे आम्ही योजिले आहे. नकाशा काढण्याची कला येथे शिकवावयाची नाही. तो आर्किटेक्टचा प्रांत. त्या नकाशातून निघणारा हिशेब वाचावा कसा, त्यास कोणते प्रश्न विचारावेत आणि त्याचा ताळा कसा घ्यावा, एवढाच आमचा विषय आहे. घरातील शिकलेली मुलेमुली संगणक वापरतातच. त्यांनी हा पाठ वडीलधाऱ्यांबरोबर बसून वाचावा.

१. तक्ता म्हणजे काय?

घराच्या नकाशावर दाराशेजारी डी-१, डी-२, खिडकीशेजारी डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ आणि झरोक्याशेजारी व्ही-१ अशी अक्षरे आपण पाहिली असतील. नकाशाच्या कडेला एक कोष्टक असते. त्यात डी-१ म्हणजे रुंदी १ मीटर, उंची २.१ मीटर, सागवानी चौकट, एक झडप, एकूण नग ८, असा तपशील दिलेला असतो. हाच दाराखिडक्यांचा तक्ता. खोल्यांच्या फरशीचा व रंगाचा, विजेच्या बटणांचा व दिव्यांचा, स्वयंपाकघरातील कपाटांचा, असे आणखीही तक्ते असतात.

कागदावर हाताने नकाशा काढावयाच्या काळी हे कोष्टक नकाशानवीस स्वतः मोजून लिहीत असे. मग मालकाने एक खिडकी वाढविली, दुसरीची रुंदी कमी केली, की नकाशा बदले, पण कोष्टक बदलावयाचे राही. रोजमेळ एक सांगे, खतावणी दुसरेच. सुतार कोष्टकाप्रमाणे चौकटी करून आणी, गवंडी नकाशाप्रमाणे भिंतीत जागा सोडी, आणि मध्ये मालकाचे नुकसान होई.

संगणकाने नेमके येथेच काम सुलभ केले. या साधनांत दार म्हणजे कागदावरील चार रेघा नव्हेत. दार ही माहितीसह नोंदलेली वस्तू असते. तिची रुंदी, उंची, जाडी, कोणत्या मजल्यावर आहे, कोणत्या बाजूस उघडते, हे सर्व तिच्याबरोबर नोंदलेले असते. तक्ता ही नोंद वाचतो आणि स्वतः भरला जातो. एका दाराची रुंदी नकाशात बदलली, की तक्त्यातील आकडाही बदलतो. म्हणजे रोजमेळात लिहिले की खतावणी आपोआप झाली!

अमेरिकेतील आयडाहो राज्यात तयार होणारे चीफ आर्किटेक्ट हे साधन मुख्यतः घरांच्या नकाशांसाठीच आहे व त्यात अशा तक्त्यांची तपशीलवार सोय आहे. ऑटोडेस्क कंपनीच्या रेव्हिट या साधनात तर व्यवहार दोन्ही दिशांनी चालतो. तेथे तक्ता हे त्याच घराचे दुसरे दर्शन मानलेले असल्यामुळे तक्त्यात माप बदलले असता नकाशातील वस्तूही बदलू शकते. फ्रीकॅड हे विनामूल्य मिळणारे साधन आहे व त्यातही तक्ते आणि मॅक्रो दोन्ही करता येतात. आम्ही पुढील विवेचनात मुख्यतः चीफ आर्किटेक्टची रीत समोर ठेविली आहे. परंतु तत्त्व सर्वत्र एकच आहे.

२. मॅक्रो म्हणजे काय?

मॅक्रो हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ लांब किंवा मोठे असा आहे. संगणकाच्या व्यवहारात एका लहान खुणेने मोठी आज्ञा देणे, यास मॅक्रो म्हणतात. आपल्या पत्रव्यवहारात ‘वि. वि.’ एवढे लिहिले की वाचणारा ‘विनंती विशेष’ असे समजतो. मॅक्रो ही तशीच खूण. फरक एवढाच की, तिचा अर्थ उलगडण्याचे काम संगणक करतो, आणि तो अर्थ प्रत्येक वेळी ताजी माहिती पाहून उलगडतो.

चीफ आर्किटेक्टमध्ये ही खूण टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये लिहितात. नकाशाच्या पानावर मोजपट्टीचा मॅक्रो घातला, की त्या जागी त्या नकाशाची मोजपट्टी छापली जाते. मालकाचे नाव, पत्ता, पानाचा क्रमांक, तारीख या गोष्टीही अशाच छापता येतात. नाव एकदा एका ठिकाणी लिहावे आणि ते सर्व पानांवर उतरावे, यात श्रम वाचतात; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पंधरा पानांवर पंधरा प्रकारची नावे होत नाहीत.

हे झाले साधनाबरोबर तयार मिळणारे मॅक्रो. याखेरीज आपल्या गरजेचा मॅक्रो आपण स्वतः तयार करू शकतो, आणि खरा उपयोग तेथे आहे. त्यासाठी सूत्र लिहावे लागते. ते सूत्र रुबी नावाच्या संगणकभाषेत लिहितात. ही भाषा जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनी रचली व ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. भाषेच्या नावाने बिचकण्याचे कारण नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि ‘असे असेल तर तसे कर’ एवढे जाणणाऱ्यास साधी सूत्रे लिहिता येतात.

रीत थोडक्यात अशी : मॅक्रोंच्या यादीत नवा मॅक्रो उघडावा, त्यास अर्थ समजेल असे नाव द्यावे, तो ज्या वस्तूवर बसेल त्याच वस्तूची मापे त्याने वाचावीत असे निवडावे, हा नुसता मजकूर नसून सूत्र आहे, अशी खूण करावी, आणि मग सूत्र लिहून जतन करावे. पुढे दाराच्या माहितीतील एखाद्या मोकळ्या रकान्यात त्या मॅक्रोचे नाव टक्क्याच्या चिन्हांमध्ये लिहावे व तो रकाना तक्त्यात घ्यावा. झाले, प्रत्येक दारापुढे त्या त्या दाराचे उत्तर उमटते.

३. पहिले उदाहरण : चौकटीचे लाकूड

आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. तरी लाकडाच्या वखारीत भाव अजून घनफुटावरच सांगतात. नकाशा मीटरमध्ये आणि भाव घनफुटावर, अशा अवस्थेत मालकाचा गोंधळ उडतो. येथे मॅक्रो उपयोगी पडतो.

समजा, डी-१ या दाराची चौकट १ मीटर रुंद व २.१ मीटर उंच आहे आणि तिचे लाकूड १०० गुणिले ६० मिलिमीटर जाडीचे आहे. उंबरा नसेल तर दोन उभी लाकडे व एक आडवे मिळून लांबी ५.२ मीटर झाली. तीस ०.१० व ०.०६ यांनी गुणिले असता ०.०३१२ घनमीटर येतात. अशी ८ दारे धरली तर ०.२४९६ घनमीटर. एका घनमीटरचे सुमारे ३५.३१५ घनफूट होतात. म्हणून एकूण लाकूड सुमारे ८.८ घनफूट.

आता त्याच आठ दारांना उंबरा धरा. प्रत्येक चौकटीची लांबी ६.२ मीटर होते आणि एकूण लाकूड सुमारे १०.५ घनफूट होते. उंबरा आहे की नाही, या एका प्रश्नावर पावणेदोन घनफुटांच्या आसपास सागवानाचा फरक पडला! सुताराने उंबऱ्यासह हिशेब दिला आणि चौकटी उंबऱ्याविना बसविल्या, तर तो फरक कोणाच्या ध्यानी येणार? मॅक्रोत ‘उंबरा असेल तर रुंदी दोनदा, नसेल तर एकदा’ अशी एक अट घातली, की हा प्रश्न प्रत्येक दारापुढे आपोआप विचारला जातो. सांध्यात जाणारी लांबी आणि कापणीतील घट यांचा आकडा मात्र सुताराशी बोलून निराळा ठरवावा व तो तक्त्यात निराळ्या रकान्यात दाखवावा. मुख्य आकड्यात मिसळू नये.

४. दुसरे उदाहरण : गिलाव्याची वजावट

बांधकामाच्या बिलात सर्वांत अधिक वाद होतो तो गिलाव्याच्या मापावरून. भिंतीत दार आहे; तेथे गिलावा होत नाही; मग ते क्षेत्र वजा करावयाचे की नाही? मालक म्हणतो, सर्व वजा करा. कंत्राटदार म्हणतो, दाराच्या आतल्या कडांना गिलावा केला त्याचे काय?

यावर भारतीय मानक १२०० च्या बाराव्या भागात न्याय्य तोड दिलेली आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंस सारखाच गिलावा असेल, तर तिचे सार असे : अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करू नये. अर्ध्याहून अधिक व ३ चौरस मीटरपर्यंतच्या जागेची वजावट एकाच बाजूची करावी आणि कडांचे निराळे माप धरू नये. ३ चौरस मीटरहून मोठी जागा असेल, तर दोन्ही बाजूंची वजावट करावी, मात्र कडांचा गिलावा मोजून मिळवावा. हा नियम म्हणजे मॅक्रोसाठी मुद्दाम रचलेले सूत्रच जणू! क्षेत्र काढा, ते अर्ध्याच्या आत असेल तर शून्य, तीनच्या आत असेल तर एकपट, त्यापुढे असेल तर दुप्पट, वजा कडा.

समजा, खाली दुकान व मागे राहण्याची जागा असे बांधकाम आहे. दुकानास ३ मीटर रुंद व २.४ मीटर उंच असे एक शटर आहे, आत १ गुणिले २.१ मीटरची ४ दारे आहेत आणि ०.६ गुणिले ०.६ मीटरचे ३ झरोके आहेत. झरोका ०.३६ चौरस मीटरचा, वजावट नाही. दार २.१ चौरस मीटरचे. चार दारांची एका बाजूची वजावट ८.४. शटर ७.२ चौरस मीटरचे. दोन्ही बाजूंची वजावट १४.४. शटरच्या दोन उभ्या कडा व वरची कड मिळून ७.८ मीटर, भिंतीची जाडी ०.२३ मीटर, म्हणून कडांचा गिलावा सुमारे १.८ चौरस मीटर, तो मिळवावयाचा. एकूण वजावट २२.८, त्यातून १.८ गेले, निव्वळ वजावट सुमारे २१ चौरस मीटर.

वजावट मुळीच केली नाही, तर मालकाने २१ चौरस मीटरचे पैसे न झालेल्या कामाबद्दल दिले. उलट, मालकाने हट्टाने सर्व उघड्या जागांची दोन्ही बाजूंनी वजावट केली, तर ती ३३.३६ चौरस मीटर होते. म्हणजे कामगाराने केलेल्या सुमारे १२ चौरस मीटरच्या कामाची मजुरी बुडाली. हिशेब शिकावयाचा तो केवळ आपले नुकसान टाळण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याचेही आपल्या हातून होऊ नये म्हणून, ही गोष्ट या उदाहरणावरून स्पष्ट व्हावी. करारात मोजणीची निराळी रीत लिहिली असेल तर ती रीत पाळावी लागते; म्हणून कोणत्या नियमाने मोजावयाचे, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे आणि मगच मॅक्रो लिहावा.

५. ब्रासचा धडा

वाळू व खडी आपल्याकडे ब्रासवर मोजतात. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. मेट्रिक मापात सुमारे २.८३ घनमीटर. ३५० घनफूट वाळूचे किती ब्रास? शाळेतील मूलही साडेतीन म्हणेल. पण रुबी भाषेत ३५० भागिले १०० असे पूर्णांकात लिहिले, तर उत्तर ३ येते! दोन्ही संख्या पूर्ण असतील, तर भागाकारही पूर्णच हवा असे ती भाषा समजते आणि अपूर्णांक टाकून देते. १०० च्या जागी १००.० असे लिहिले, की उत्तर ३.५ मिळते.

अर्धा ब्रास वाळू एका टिंबात नाहीशी झाली! यंत्राने यात चूक केली असे म्हणता येणार नाही; त्यास जे सांगितले ते त्याने बिनचूक केले. म्हणून नवे सूत्र लिहिले, की ज्याचे उत्तर आपल्यास आधीच ठाऊक आहे अशा एका उदाहरणावर ते चालवून पाहावे आणि ते उदाहरण मुद्दाम अपूर्णांकाचे घ्यावे. ३०० घनफुटांवर तपासले असते तर हा दोष कधीच दिसला नसता.

६. तक्ता कोठे फसवितो?

छापलेले कोष्टक रेखीव दिसते आणि रेखीवपणामुळे ते खरे वाटू लागते. म्हणून पुढील पाच ठिकाणी दृष्टी ठेवावी.

पहिले, दार हे दार म्हणून काढले आहे काय? एखाद्याने घाईत भिंतीत नुसत्या रेघा ओढून दार दाखविले असेल, तर पाहणाऱ्यास ते दार दिसते. तक्त्यास दिसत नाही, कारण त्याची नोंदच झालेली नसते.

दुसरे, वगळलेल्या वस्तू. तक्ता कोणत्या मजल्यांचा करावयाचा आणि कोणती वस्तू त्यात घ्यावयाची, हे निवडता येते. माडी तक्त्यात घेण्याचे राहिले, तर तेथील सर्व खिडक्या हिशेबाबाहेर राहतात आणि कोष्टक मात्र संपूर्ण असल्यासारखे दिसते.

तिसरे, एकके. अमेरिकन साधनांत मापे पुष्कळदा इंचांत असतात. ३६ इंच रुंद व ८४ इंच उंच दाराचे क्षेत्र ३०२४ येते. ते चौरस इंच होत. त्यास १४४ ने भागले तर २१ चौरस फूट होतात, आणि तेच सुमारे १.९५ चौरस मीटर. सूत्राच्या आरंभीच एकक कोणते, हे लिहून ठेवावे.

चौथे, हाताने लिहिलेले आकडे. मॅक्रो काढून त्या जागी कोणी थेट आकडा लिहिला, तर तो आकडा तेथेच गोठतो. नकाशा कितीही बदलला तरी तो बदलत नाही. त्याचप्रमाणे एका ओळीत आठ दारे एकत्र दाखविली असतील, तर सूत्राचे उत्तर एका दाराचे आहे की आठांचे, हे विचारून घ्यावे.

पाचवे, जुना कागद. संगणकातील तक्ता बदलतो; सुताराच्या खिशातील कागद बदलत नाही. म्हणून प्रत्येक पानावर तारखेचा व आवृत्तीच्या क्रमांकाचा मॅक्रो असावा, आणि नवे पान दिले की जुने परत घ्यावे.

याशिवाय एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत पुष्कळशी घरे लाकडी सांगाड्याची असतात, आणि ही साधने त्या बांधणीच्या सवयीने घडलेली आहेत. आपली घरे विटांची, दगडांची व काँक्रीटची. झडपेचे माप, चौकटीचे बाहेरचे माप आणि भिंतीत सोडावयाच्या जागेचे माप ही तीन निराळी आहेत. तक्त्यात यांपैकी कोणते छापले आहे, हे सुतार व गवंडी या दोघांनाही एकत्र बसवून समजावून द्यावे.

७. अभ्यास

वाचकांनी हा पाठ केवळ वाचून बाजूस ठेवू नये. आपल्या राहत्या घराची दारे, खिडक्या व झरोके एका कागदावर उतरून काढावेत. प्रत्येकास क्रमांक द्यावा, रुंदी व उंची मोजावी, आणि वर सांगितलेल्या नियमाने गिलाव्याची वजावट हाताने काढावी. मग घरातील मुलास किंवा मुलीस तेच कोष्टक संगणकावर करावयास सांगावे. दोन्ही उत्तरे जुळली तर उत्तम. न जुळली तर फरक सापडेपर्यंत दोघांनी मिळून शोध घ्यावा; त्या शोधात जे शिकावयास मिळेल, ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

ज्यांचे बांधकाम चालू आहे किंवा लवकरच सुरू व्हावयाचे आहे, त्यांनी आपल्या आर्किटेक्टकडे तीन गोष्टी मागाव्यात : दाराखिडक्यांचा तक्ता, त्यातील प्रत्येक रकान्याचे सूत्र साध्या शब्दांत, आणि ते सूत्र कोणत्या मोजणीच्या नियमावर आधारले आहे त्याचा उल्लेख. जाणता आर्किटेक्ट ही मागणी ऐकून रागावणार नाही. उलट, मालक समजूतदार आहे हे पाहून त्यास समाधानच वाटेल. तक्ता हाती आला की नकाशावर बोट ठेवून दारे एकदा मोजावीत आणि प्रत्येक कोष्टकातील कोणतीही एक ओळ कागदावर करून पाहावी. या कामास अर्धा तासही पुरे होतो.

घर हे बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते. संगणकाने खतावणी लिहिण्याचे श्रम आपले घेतले आहेत. ताळा पाहण्याचे काम मात्र मालकाकडेच आहे. सभासदांनी हा अभ्यास आपापल्या घरी अवश्य करून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.